खिशातले बोल्ट

नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत
माणसांपेक्षा गुरं जास्त, आणि गुरांपेक्षा वारा.
तिथं डेल्मार सोरेन्सन
एकेचाळीस वर्षं पवनचक्क्या दुरुस्त करत हिंडला.
पत्त्यावर जायचा नाही, आवाजावर जायचा.
गाडीची काच खाली करून कानोसा घ्यायचा,
"हाझेकांची उत्तरेकडची किरकिरतेय,"
आणि खरंच तिथं
टाकीच्या तळाशी बोटभर हिरवं पाणी,
भोवती चाळीस गाई,
हंबरायचंही सोडून दिलेल्या.

मी चौदाचा होतो. सुट्टीत
त्याच्या हाताखाली लागलो,
दिवसाला सहा डॉलर आणि दुपारचा डबा.
आधी चाकाला बांध घाल, मग शिडीला हात लाव.
विहिरीतून गज ओढताना मोजत राहा,
आकडा चुकला की दिवस गेला.
चामड्याचा वायसर रात्रभर तेलात मुरव,
घाईचं चामडं आठवड्यात वाळतं.
एवढं सांगून झालं की संध्याकाळपर्यंत गप्प.

डावा पाय जरा तिरपा टाकायचा.
दोन बोटं नव्हती त्याला.
"कोरियात राहिली," म्हणायचा,
पाहुण्यांकडे छत्री राहावी तसं.

एकदा, चाळीस फुटांवर,
दोन्ही हात गुंतले म्हणून
मी चार बोल्ट दातांत धरले.
सगळेच धरतात. सुतार खिळे धरतो, शिंपीण टाचण्या.
डेल्मारनं माझ्या थोबाडीत दिली.
तिथं, वर, एका हातानं माझा पट्टा घट्ट धरून
दुसऱ्या हातानं.
"थुंक," म्हणाला. "आत्ता थुंक."
बोल्ट शिडीवर वाजत वाजत खाली गेले.
अंधार पडेपर्यंत मी ते गवतात शोधत होतो.
तोही शोधत होता, गुडघ्यांवर बसून.
चुकलं म्हणाला नाही.
घरी सोडताना त्याच्या बायकोनं, व्हेल्डानं,
काही न विचारता माझ्या हातात
जर्दाळूच्या मुरांब्याची अख्खी बरणी ठेवली.

मार्चात तो गेला, एक्याऐंशीचा होऊन.
चर्चच्या तळघरात हॅम, बटाटे, पातळ कॉफी.
दोन पोरसवदा सैनिकांनी
झेंड्याची त्रिकोणी घडी घातली.
व्हेल्डानं ती मांडीवर घेतली,
दुसऱ्याचं मूल घटकाभर सांभाळायला घ्यावं तशी.

मग ओहायोहून आलेला एक म्हातारा, टूमी,
नाकाला प्राणवायूची नळी लावलेला,
माझ्या शेजारी टेकला. म्हणाला,
तिथं औषधंसुद्धा गोठायची बरं का.
कळ थांबवायची इंजेक्शनं
तोंडात धरून वितळवायची, गालाशी, जिभेखाली.
आमचा औषधवाला कामी आला
तेव्हा त्याच्याकडच्या चार सुया
डेल्मारनं तोंडात घेतल्या.
डेल्मार तर तारवाला. त्याचं नव्हतंच ते काम.
ओढ्यात ब्रॅनिगनचं पोर पडलं होतं,
हा रांगत निघाला, तोंड मिटून.
पोर विचारत होतं, कोण आहे? येतंय का कोणी?
ह्याला ओ देता येईना.
तोंड उघडलं तर सुया पुन्हा गोठणार.
किती वेळ विचारत होतं ते पोर, टूमी म्हणाला,
मग नाही विचारलं.
हा पोचला तेव्हा सुया छान ऊबदार होत्या.

टूमीनं कॉफी ढवळली.
साखर घातलीच नव्हती.

आता माझ्याकडे बाराच चक्क्या उरल्यात.
बाकी सगळीकडे सौर पंप आले,
ते बिघडतात तेही बिनबोभाट.
परवा हाझेकांच्या त्या उत्तरेकडच्या चक्कीवर चढलो,
बोल्ट शर्टाच्या खिशात, वर बटण लावून.
खालून पोरीनं हाक मारली,
"बाबा, आहेस ना वर?"
दोन्ही हात गुंतलेले होते.
"आहे," म्हणालो.
वारा मोठा होता, तिला ऐकू गेलं नसेल.
"आहे गं, आहे."